बोटीचं थ्रू-हल फिटिंग बदलायचं तर सीलंटच्या आधी काय काय करायचं

मासेमारीची बंदी संपते, बोटी पाण्यात उतरतात आणि पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न कुठून ना कुठून येतोच, की थ्रू-हल (बोटीच्या तळातल्या भोकात बसणारं, पाणी आत-बाहेर नेणारं फिटिंग) नवीन टाकलं, सीलंट पण चांगल्यातलं वापरलं, तरी आत पाझर आहे, आता वरून काय लावू. वरून काहीही लावलं तरी तो पाझर थांबत नाही. सीलंटच खराब निघालं असं फार क्वचित होतं, चूक बहुतेक वेळा त्याच्या आधीच झालेली असते. थ्रेड, म्हणजे आटे, जुळलेले नसतात, भोकाची कड ओली असते, नाहीतर फिटिंग आधी कोरडं लावून बघायचं काम गाळलेलं असतं. म्हणून इथे सीलंटवर कमी आणि त्याच्या आधीच्या कामावर जास्त लिहितोय.

हे सगळं फायबरच्या बोटीसाठी आणि पाण्याच्या रेषेखालच्या फिटिंगसाठी आहे, म्हणजे इंजिनाच्या कूलिंगला समुद्राचं पाणी आत घेणारं, डेक धुवायच्या पंपाचं, टॉयलेट असेल तर त्याचं. रेषेच्या वरचं आउटलेट असेल तरी हलक्यात घेऊ नका, बर्फ आणि मासळी भरून बोट खाली बसली की तेही पाण्यात जातं. आणि धोका केवढा ते एकदा आकड्यात बघा: पाण्याखाली ६० सेंटिमीटरवर २५ एमएमचं भोक उघडं पडलं तर मिनिटाला साधारण ६० लिटर पाणी आत येतं, तासाला साडेतीन हजार लिटरच्या वर.

१. वेळ आधी ठरवा

महाराष्ट्रात यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे बोटी मे संपताना वर ओढल्या जातात. मुंबईत पाऊस सरासरी ११ जूनला पोहोचतो, दक्षिण कोकणात त्याच्या आधी. म्हणजे कोरडे दिवस हातात थोडेच असतात आणि नेमके तेच जाळी आवरण्यात आणि शाकारणीत जातात, मग थ्रू-हलचं काम जुलैच्या शेवटी, ओल्या हवेत, घाईत होतं. माझं म्हणणं एवढंच आहे की बोट वर आली की आधी जुनं फिटिंग काढा. भोक उघडं राहिलं की कड आपोआप सुकायला लागते, बसवायचं काम नंतर झाकलेल्या जागेत केलं तरी चालतं.

सावधान: बोट ओहोटीला वाळूवर बसवून दोन भरत्यांच्या मध्ये बोट कोरडी असते तेवढ्या काही तासांत फिटिंग बदलायचा प्रयत्न पाण्याखालच्या फिटिंगला करू नका. सीलंट सेट होत नाही, कड सुकत नाही, आणि जुना नट अडकला तर भरती थांबत नाही.

तपासा: भोकाशेजारी जिथला रंग काढलाय तिथे आतून स्वच्छ प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब दिसले तर लॅमिनेटमध्ये (फायबरच्या थरांत) ओल आहे, अजून थांबा.

२. खरेदी, आणि इथेच निम्मी बोट बुडते

आधी धातू. पाण्याखाली ब्रॉन्झ घ्या, आपल्याकडे दुकानात गनमेटल म्हणून मिळतं तेही त्याच घरातलं. साधं पितळ नको. पितळेतलं झिंक खाऱ्या पाण्यात निघून जातं, मागे भुसभुशीत तांबं उरतं आणि बाहेरून फिटिंग चांगलं दिसत असतानाच एक दिवस हातात तुटून येतं. जुनं फिटिंग ओरखडून बघा, आत पिवळ्याऐवजी गुलाबी रंग दिसला तर ते संपलंय. स्टेनलेसच्या ग्रेडमध्ये ३०४ नको, आणि ३१६ सुद्धा मी पाण्याखाली टाकत नाही, कारण सीलंटखाली जिथे हवा पोहोचत नाही तिथे स्टेनलेसला आतून खड्डे पडतात. ग्लास भरलेल्या नायलॉनची मरीन फिटिंग चांगली असतात, गंजत नाहीत, पण मग व्हॉल्व पण त्याच मटेरियलचा आणि त्याच कंपनीचा घ्या, प्लास्टिकच्या नळीवर जड धातूचा व्हॉल्व लटकवू नका. साधं पांढरं प्लास्टिक फक्त रेषेच्या वर, आणि तेही उन्हाने तडकतं म्हणून दर हंगामाला बघून घ्यायचं.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे ब्रॉन्झचं थ्रू-हल, त्यावर हार्डवेअरच्या दुकानातला जीआय (झिंक चढवलेल्या लोखंडाचा) एल्बो आणि त्यावर नळाच्या लाइनचा पितळी व्हॉल्व. खाऱ्या पाण्यात तीन धातू जोडले की सगळ्यात कमकुवत असलेला आधी जातो, इथे तो जीआय एल्बो, आणि तो थ्रेडमध्ये जातो म्हणून दिसत पण नाही.

व्हॉल्व गेट टाइप नको, बॉल टाइप दांड्याचा घ्या. दांडा पाइपला समांतर म्हणजे उघडा, आडवा म्हणजे बंद, अंधारात हात लावून पण कळतं. गेट व्हॉल्वमध्ये आत काय झालंय ते कळत नाही आणि शिंपल्याचा एक तुकडा मध्ये आला तरी तो पूर्ण बंद होत नाही. जमलं तर तळाला रुंद फ्लँज (चपटी बैठक) असलेला खरा सीकॉक, म्हणजे थेट बोटीच्या तळावर टेकून बसणारा व्हॉल्व घ्या, कारण नुसता बॉल व्हॉल्व थ्रू-हलच्या थ्रेडवर उभा असतो, आणि थ्रेड कापलेल्या जागी भिंत सगळ्यात पातळ असते. बोटींची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकेच्या एबीवायसी संस्थेच्या एच-२७ मानकात सीकॉकच्या आतल्या टोकावर ५०० पौंड, म्हणजे २२७ किलोच्या आसपास जोर ३० सेकंद सहन झाला पाहिजे अशी अट आहे. ती जास्त वाटत असेल तर इंजिनरूममध्ये हलत्या बोटीत घसरून एखादा खलाशी पूर्ण वजनानिशी त्या व्हॉल्ववर पडला तर काय होईल ते बघा.

आता थ्रेड. थ्रेडच्या पद्धती दोन आहेत: भारतात आणि युरोपात बीएसपी, अमेरिकन मालात एनपीटी किंवा त्याचा सरळ प्रकार एनपीएस. अर्धा आणि पाऊण इंचात दोन्हीकडे इंचाला १४ आटे असतात त्यामुळे एक दुसऱ्यात जातो, बसल्यासारखा वाटतो, पण आट्यांचा कोन वेगळा आहे, बीएसपीचा ५५ अंश आणि एनपीटीचा ६०. एक ते दोन इंचात तर बीएसपीला ११ आणि एनपीटीला साडेअकरा आटे, दोन-तीन फेरे जातात आणि अडकतात, मग माणूस पाइप पाना लावून जोर करतो आणि दोन्हीचे आटे मारतो. दुसरी गोष्ट, थ्रू-हलचा थ्रेड सरळ असतो आणि बऱ्याच व्हॉल्वचा निमुळता. सरळ नळी निमुळत्या व्हॉल्वमध्ये थोडीच आत जाते. दुकानातच व्हॉल्व थ्रू-हलवर हाताने फिरवून बघा, ५-६ फेरे मोकळेपणाने गेले पाहिजेत. नाही गेले तर ते सामान घेऊ नका, दुकानदार टेफ्लॉन टेप जास्त गुंडाळा म्हणाला तरी नाही.

३. जुनं काढणं

बॅटरी डिस्कनेक्ट करा. होज (लवचिक पाइप) काढा, व्हॉल्व काढा, नटला गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा. बाहेरच्या टोपीच्या आत दोन छोटे दात असतात, त्यात बसणारा पायऱ्यांचा (टप्प्याटप्प्याने निमुळता) पाना बाहेरून धरायचा आणि आतून दुसऱ्याने नट फिरवायचा. एकट्याने करायला गेलात तर आख्खं फिटिंग गोल फिरत राहतं.

नाही सुटलं तर मारामारी करू नका. बाहेरून ग्राइंडरने टोपीची कड घासत जा, टोपी नळीपासून सुटली की नळी आत ढकलून काढता येते. भोवती पातळ पत्रा धरा म्हणजे चकती जेलकोटमध्ये (फायबरच्या बाहेरच्या गुळगुळीत थरात) घुसणार नाही. गॉगल आणि मास्क पाहिजेच, फायबरची धूळ फुप्फुसात गेलेली परत येत नाही. जमीन ओली असेल तर वायरच्या ग्राइंडरऐवजी बॅटरीचा वापरा.

सावधान: गॅसची ज्योत लावून नट सोडवू नका, रेझिन जळतं. घणाने ठोकू नका, लॅमिनेटचे थर सुटतात आणि ते बाहेरून दिसत नाही.

४. भोक आणि त्याची कड

फिटिंग निघाल्यावर भोकाच्या कडेकडे टॉर्च मारून नीट बघा. सलग फायबर असेल तर काम सोपं. मध्ये लाकूड, प्लाय किंवा फोमचा थर दिसला तर त्या थरापर्यंत पाणी जायला देणं म्हणजे आतून कुजायला देणं, म्हणून तो थर भोकाच्या भोवती १२ ते २० एमएम आत कोरून काढा (ड्रिलला वाकवलेला खिळा लावून हे छान होतं), सुकू द्या, सिलिका घालून घट्ट केलेलं इपॉक्सी भरा आणि मग नव्याने भोक पाडा. असं केलं की फिटिंगला चारी बाजूंनी फक्त इपॉक्सी लागतं.

सलग फायबरमध्ये पण कापलेल्या कडेला इपॉक्सीचे दोन हात द्या. उघडे तंतू पाणी आत ओढतात. दमट हवेत इपॉक्सीवर मेणासारखा चिकट थर येतो, तो आधी साध्या पाण्याने घासून धुवा आणि मग पॉलिश पेपर मारा, उलट केलं तर तोच थर घासून आत बसतो.

माप घेताना लोक हमखास फसतात: एक इंची थ्रू-हल म्हणजे एक इंचाचं भोक नव्हे. एक इंच बीएसपीच्या आट्यांचा बाहेरचा व्यास सव्वातेहेतीस एमएम असतो, पाऊण इंचाचा साडेसव्वीसच्या जवळ, दीड इंचाचा ४८ च्या जवळ. हातातलं फिटिंग कॅलिपरने मोजा आणि त्यापेक्षा एक-दीड एमएम मोठं भोक ठेवा. जुनं भोक लहान पडत असेल तर त्यात लाकडी गुट्टा घट्ट ठोका म्हणजे होल सॉच्या (गोल भोक कापणाऱ्या करवतीच्या) मधल्या ड्रिलला धरायला जागा मिळते, नाहीतर तो नाचतो आणि भोक अंड्यासारखं होतं. मोठं पडत असेल तर पुट्टी भरून काम भागवू नका, कडेला १२ ला १ असा उतार घासून फायबरचे थर देऊन बंद करायचं आणि नवीन भोक पाडायचं. हे काम ज्याला येतं त्याच्याकडूनच करून घ्या.

जुनं सीलंट पूर्ण निघालं पाहिजे. ते सिलिकॉन असेल तर आधी ब्लेडने खरवडा, मग सॉल्व्हंटने पुसा आणि शेवटी पेपर मारा, कारण थेट पेपर मारला तर सिलिकॉन सगळीकडे पसरतं आणि त्यावर पुढे काहीच चिकटत नाही.

५. आतली बॅकिंग प्लेट

तळ गोलाकार असतो आणि नट सपाट, त्यामुळे नटखाली आधाराची ही प्लेट नसली की नट एका बाजूला टेकतो, दुसऱ्या बाजूला फट राहते आणि माणूस ती फट सीलंटने भरतो. प्लेट किमान १२ एमएम जाड, गोल, फ्लँजच्या दुप्पट व्यासाची, कडा तिरक्या घासलेल्या. सगळ्यात चांगलं मटेरियल म्हणजे ग्लास-इपॉक्सी शीट, मोठ्या शहरात इलेक्ट्रिकल इन्सुलेशनच्या दुकानात एफआर-४ म्हणून मिळते आणि बोटीच्या सामानाच्या दुकानापेक्षा बऱ्याचदा स्वस्त पडते. नाहीच मिळाली तर मरीन प्लाय, पण भोकाच्या आतल्या कडेसकट तीन हात इपॉक्सी दिलेला. नुसता प्लाय फुगतो, आधी घट्ट होतो आणि मग कुजून ढिला होतो. कापडी बॅकेलाइट पण पाणी पितं, ते नको.

प्लेट तळाला घट्ट इपॉक्सीत बसवा म्हणजे खालची गोलाई भरून निघते आणि वरचा भाग सपाट मिळतो. बाहेर टोपी बसते तिथे तळ फार गोल असेल तर तिथेही इपॉक्सीने सपाट बैठक करून घ्या. इपॉक्सी पूर्ण कडक झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

६. कोरडं लावून बघणं

ही पायरी कधीही गाळू नका. सीलंट न लावता सगळं फिटिंग, नट, व्हॉल्व, होजचा निप्पल (होज ज्यावर चढतो ते टोक), एल्बो असेल तर एल्बो, पूर्ण जोडा.

बघायचं काय: टोपी बाहेरून सगळीकडे सारखी टेकतेय का, कागदाची पट्टी आत सरकवून बघा. नट प्लेटवर सपाट बसतोय का. व्हॉल्वचा दांडा पूर्ण उघडतो आणि पूर्ण बंद होतो का, की इंजिनाच्या फाउंडेशनला, पाइपला किंवा फळीला अडतो. होज कोणत्या दिशेला निघतोय. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नळी व्हॉल्वच्या आत तळाला टेकतेय का. टेकत असेल तर व्हॉल्व घट्ट झाल्यासारखा वाटतो पण तो नळीच्या टोकावर अडलेला असतो, प्लेटवर दाब येतच नाही. फ्लँजवाल्या सीकॉकमध्ये हे फार होतं. तेव्हा नळी कापावी लागते. कापायच्या आधी नट खालपर्यंत चढवून ठेवा, मग हॅकसॉने कापा, कानस मारा आणि नट फिरवून काढा, निघताना तो कापलेले आटे साफ करतो.

सीकॉकच्या फ्लँजला बोल्ट असतील तर त्यांची भोकंही याच वेळी पाडा, बोल्ट बाहेरून आत, बसक्या डोक्याचे, ब्रॉन्झच्या फिटिंगला ब्रॉन्झचे. सगळं जमलं की मार्करने दांड्याची दिशा, नटची जागा, सगळ्याच्या खुणा करा, किती फेऱ्यांत बसतं ते लिहून ठेवा. बाहेर टोपीभोवती आणि आत प्लेटभोवती मास्किंग टेप लावा आणि मग खोला.

तपासा: कोरड्या फिटिंगला वरच्या टोकाला धरून जोराने हलवा. प्लेट, तळ काहीही हललं तर अजून सीलंटची नळी फोडू नका.

७. सीलंट

पॉलियुरेथेन घ्या. थ्रीएम ५२०० कायमचं पकडतं, पुढे काढताना रडवतं, त्यामुळे ज्याला दहा वर्षांनी परत खोलायचंय त्याने सिकाफ्लेक्स २९१ किंवा थ्रीएम ४२०० वापरावं, हे माझं मत. पॉलिसल्फाइड लाकडी बोटीला उत्तम पण प्लास्टिकच्या फिटिंगला लावू नका, काही प्लास्टिक त्याने ठिसूळ होतात. सिलिकॉन पाण्याखाली नाही. एम-सील नाही, सूत-सफेदा तर नाहीच, ते घरातल्या पाइपला ठीक आहे, इंजिनाच्या थरथरीत ते कडक होऊन तडकतं. नळीवरची एक्स्पायरी बघा, आणि गेल्या वर्षीची उघडी नळी वापरू नका.

दोन्ही बाजू असिटोनने पुसा, एका फडक्याने लावायचं आणि दुसऱ्या कोरड्या फडक्याने लगेच पुसून घ्यायचं, नाहीतर तेल फक्त इकडून तिकडे होतं. प्लास्टिकच्या फिटिंगला असिटोन नको, ते कंपनी सांगेल त्यानेच पुसा. दुकानातलं सुटं थिनर नको, त्यात काय असतं कुणालाच माहीत नसतं.

सावधान: ओल्या सीलंटजवळ स्पिरिट किंवा सॅनिटायझर नेऊ नका, अल्कोहोलने पॉलियुरेथेन नीट सेटच होत नाही. हात पुसायला मिनरल टर्पेंटाइन ठेवा.

८. बसवणं

दोन माणसं, आणि कोण काय करणार हे आधी ठरलेलं. टोपीच्या खाली सलग जाड कडं द्या, नळीचा जो भाग तळातून जातो त्यावर लावा, आत प्लेटवर नटच्या खाली लावा. बाहेरच्याने फिटिंग थोडं डावी-उजवीकडे फिरवत आत घालायचं आणि पायऱ्यांच्या पान्याने घट्ट धरून ठेवायचं. फिरवायचं फक्त आतल्याने, नट. टोपीच्या भोवती सगळीकडून सारखं सीलंट बाहेर यायला लागलं की सावकाश, आणि नट नीट घट्ट झाला की थांबा. अजून अंगातला जोर लावला तर सगळं सीलंट बाहेर येतं आणि मध्ये काहीच उरत नाही. एका बाजूने सीलंट आलंच नाही तर तिथे पोकळी आहे, फिटिंग बाहेर काढा, पुसा, परत लावा, त्याच वेळी.

व्हॉल्व पण त्याच बैठकीत, आट्यांना तेच सीलंट लावून, बाहेरून टोपी धरून चढवा. दांडा खुणेच्या थोडा पुढे गेला तर मागे फिरवून जुळवायचा नाही, मागे फिरवला की आट्यातलं सीलंट फाटतं. पूर्ण काढा, नव्याने लावा. फ्लँजवाल्या सीकॉकला क्रम उलटा आहे, आधी सीकॉक बोल्टने प्लेटवर बसवायचा आणि मग बाहेरून टोपीवाली नळी त्यात फिरवायची.

काही जण सांगतात की आज हलकं आवळा आणि उद्या परत पाव फेरा द्या. मी हे करू देत नाही. उद्यापर्यंत सीलंट दोन्हीकडे चिकटलेलं असतं, पाव फेऱ्याने ती पकड तुटते आणि मग ती परत जुळत नाही.

साध्या ५२०० ला पूर्ण सेट व्हायला ५ ते ७ दिवस लागतात, बाकीच्यांचं त्यांच्या नळीवर वाचा. तेवढे दिवस व्हॉल्वला हात लावायचा नाही.

९. होज

समुद्राचं पाणी ओढणाऱ्या बाजूला तार भरलेला मरीन होज, बागेचा पाइप पंपाच्या ओढीने चपटा होतो आणि इंजिन तापतं. निप्पल इतका लांब पाहिजे की दोन क्लिप बसतील, दोन्ही ३१६ च्या, त्यांचे स्क्रू समोरासमोरच्या बाजूला. क्लिपचा पट्टा स्टेनलेस आणि स्क्रू साधा असं फार विकलं जातं, चुंबक लावून बघा, स्क्रू चिकटला तर परत करा. प्रत्येक व्हॉल्वशेजारी त्याच मापाचा मऊ लाकडाचा निमुळता गुट्टा दोरीने बांधून ठेवा. बाहेरून टोपीवर अँटिफाउलिंग (शिंपले-शेवाळ धरू न देणारा रंग), आणि नळीच्या आत हाताचं बोट जाईल तेवढंच, नाहीतर कालवं आतच धरतात.

१०. पाण्यात उतरवायच्या आधी आणि नंतर

सीलंट सेट झाल्यावर, व्हॉल्व बंद करून, त्या कप्प्यात प्लेट बुडेल इतकंच गोडं पाणी भरा, बाहेरून टोपीची कड कोरडी पुसा आणि तासाभराने बघा. ओल दिसली तर अजून जमिनीवर आहात, इथेच कळलं हे बरं.

उतरवताना सगळे व्हॉल्व बंद, आणि एक माणूस टॉर्च आणि कोरडा टिश्यू घेऊन आत. बोट तरंगली की आधी बंद व्हॉल्वनेच प्रत्येक नटभोवती टिश्यू फिरवा, मग एकेक व्हॉल्व उघडून परत. डोळ्याला न दिसणारा पाझर टिश्यूवर लगेच दिसतो. इंजिन चालू करून, थरथर असताना पुन्हा एकदा. मग रात्री, दुसऱ्या दिवशी, आणि पहिल्या पूर्ण भरलेल्या फेरीनंतर. त्यापुढे महिन्यातून एकदा प्रत्येक दांडा पूर्ण बंद करून उघडा, महिनोन्महिने न हललेला व्हॉल्व गरजेच्या वेळी हलत नाही.

आणि पाझर आढळलाच तर तो कुठून येतोय ते आधी शोधा. होजच्या क्लिपखालून असेल तर व्हॉल्व बंद करून पाच मिनिटांचं काम आहे. व्हॉल्व आणि नळीच्या आट्यातून किंवा नटखालून येत असेल तर आणखी आवळू नका आणि वरून काही थापू नका, पाणी बाहेरून दाबत असतं, वरचा थर ते उचलून टाकतं आणि मधल्या काळात आपल्याला वाटत राहतं की थांबलं. बिल्ज पंप (बोटीच्या तळात साचलेलं पाणी उपसणारा) चालतोय याची खात्री करा, बोटीवर रात्री माणूस ठेवा, पुढच्या सोयीच्या भरतीला बोट वर घ्या, फिटिंग काढा आणि चौथ्या पायरीपासून पुन्हा सुरू करा.